दांड्यावरचं वजन

पुता गाळायचं लाकडी यंत्र माळ्यावरून उतरवलं
तेव्हा त्याच्या भोकांभोकांत कोळ्यांनी संसार थाटलेले.
माझ्या बापानं घडवलेलं, अक्रोडाचं.
वीस वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं त्याच्याकडे.

वीस वर्षं थिनलेनं तांदूळ आणला,
सीमेपासून वर, तीन दिवसांच्या वळणांवरून,
ट्रकभर पांढरी पोती.
आमच्या बुमथांगात भात पिकत नाही, थंडी फार,
म्हणून ज्याच्या ताटात पांढरं त्याची मान ताठ.
शाळेचे मास्तर जेवायला आले
की कुट्टूची भाकर मी चुलीमागे सारायची.
आम्ही गरीब नव्हतो.
एवढंच दाखवायचं होतं.

मग त्याला तहान लागली.
रात्री चार-चारदा उठायचा,
घागर तळाला न्यायचा,
पुन्हा बाहेर, बर्फात.
कमरेचा पट्टा सैल पडत गेला
आणि तो खिळा तापवून
त्याला नवं भोक पाडत गेला.
तीन भोकं झाली. मी मोजत होते.

दवाखान्यातली चिमी, कालची पोर,
जन्मली तेव्हा नाळ मी कापलेली,
तिनं त्याच्या बोटातून थेंब काढला.
'दोनशे अडुसष्ट, मामा. साखर.'
'साखर?' तो उखडला,
'अगं, मी चहातसुद्धा मीठ घालतो!'
ती हसली नाही.
'गोळी चुकवायची नाही. भात मूठभर.
आणि मामी, घरी कुट्टू असेल ना?'

मी नखांकडे पाहत बसले.
शेत होतं.
शेतात बटाटा होता.

वरच्या वस्तीवर रिंचेनकडे बी मागायला गेले.
म्हातारी दारातच म्हणाली, 'गोड देऊ की कडू?'
दोन्ही जाती तिनं जपलेल्या, दोन मडक्यांत,
आम्ही सगळे पांढऱ्यामागे धावत होतो तेव्हा.
म्हटलं, 'माझा माणूसच गोड झालाय,
कडू दे.'
तिनं दोन पायली मापली
आणि पैसे घेतले नाहीत.
त्याची लाज अजून गेली नाही.

लाल देठ वर आले. मग हिरवट बारीक फुलं,
बघायला कुणी थांबणार नाही अशी.
शेजारच्या वाफ्यातल्या गोड कुट्टूवर मधमाश्या लोटल्या,
आमच्याकडे एखादीच, वाट चुकलेली.
थिनले बांधावर बसून म्हणाला,
'यांनाही कळतं.'

पीठ दळलं, चाळलं, कढत पाण्यात मळलं.
चटका सोसत मळावं लागतं, हातांना आठवत होतं.
गोळा यंत्रात भरला, खाली पाणी उकळतंय.
'बस दांड्यावर,' मी म्हटलं.
लहानपणी बापाच्या दांड्यावर आम्ही पोरं बसायचो, दोघं-तिघं,
लग्नानंतर एकटा थिनले पुरायचा.
तो बसला.
दांडा हलला नाही.
त्यानं पाय उचलले, जोर केला, श्वास रोखला.
भोकांशी पिठाची टोकं आली
आणि तिथंच थबकली.

मी चुलीतलं लाकूड उगाच सरकवलं.
डोळ्यांत धूर गेला म्हणायची सोय होती.

तेवढ्यात चिमी आली, साखर तपासायला,
युनिफॉर्मसकट, न विचारता
त्याच्याशेजारी चढून बसली.
कर्र करून दांडा वाकला.
करड्या हिरव्या दोऱ्या सरसर उतरल्या पाण्यात.

वरून लोणी, बेतानं. कांद्याची पात, मिरची,
आणि तिरफळासारखं ते आमचं दाणेदार झणझणीत,
जीभ बधिर करणारं.
पहिल्या घासाला त्यानं तोंड वाकडं केलं.
दुसऱ्याला कमी.
वाडगा पुढे केला तेव्हा मी म्हटलं, 'एकच. चिमी बघतेय.'

आकडा उतरला, पुष्कळ नाही.
गोळी आहेच.
पुतण्याच्या लग्नात तो मंडपामागे उभा राहून
पानभर भात चेपताना मला दिसला.
पांढरी शितं मिशीत.
मी मागच्या मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत चुलीपाशी खुडबुड.
उठून पाहते तर पाणी ठेवलेलं,
पीठ मळलेलं, जरा सैलच,
आणि थिनले दांड्यावर,
मांडीवर ओढ्यातला भलामोठा दगड घेऊन,
खाल्ल्या भाताला नाही,
खाल्ल्या कुट्टूला जागत बसलेला.