दोरी

गेल्या मे महिन्यात लेकानं फिरवलं.
फिलाडेल्फियात दीड तास रांग,
ह्यांचा पट्टा, कानातलं यंत्र, माझी पर्स
सगळं ट्रेमध्ये,
मग ती घंटा. तडकलेली.
दोरीपलीकडे, मुकी.
"हात नाही लावायचा, आजी,"
ईरा कुजबुजली,
जशी मी पारोशानं देव शिवायला निघाले होते.

यंदा ती इथं, हर्णैला.
होडीतून सुवर्णदुर्ग झाला,
पायाला कालवाची धार लागली, रडून झालं,
फ्रॉकवर जांभळाचे डाग.
परतताना वाटेवरच्या देवळात
तिची मान वर गेली:
घंटेवर क्रूस, झिजलेली अक्षरं.
"ही कुणाची?"
"फिरंग्यांची होती," गुरव म्हणाला,
"लढाईत आली म्हणतात.
आता देवीची."

पोरीनं हात पाठीमागे बांधले
आणि खाली बघून शोधू लागली
दोरी, जिच्या अलीकडे उभं राहायचं.

दोरी होती की.
वर, लोलकालाच बांधलेली,
किती तळव्यांनी काळी झालेली.
गुरवानं तिला उचललं.
"ओढ गो बाय. जोरात."

ह्यांनी घाईनं कानातलं यंत्र काढलं,
मुठीत धरून उभे राहिले.
"तरी येतंय ऐकू," म्हणाले.