गिरणीपुढचा फळा

शाळेनं टाकलेला फळा
शंभर रुपयांत आणला, कोपरा उडालेला,
आणि गिरणीच्या दाराशी, वजनकाट्यावर टांगला.
कडेगावात दळण टाकलं की माणूस
वीस मिनिटं तरी खोळंबतं.
वीस मिनिटं डोळ्यांनी करायचं काय?

पहिल्या दिवशी लिहिलं:
ज्वारीला गिरण खर्जात बोलते,
हरभऱ्याला कुरकुरते,
मिरची मी दळत नाही,
तिचं बोलणं सोसत नाही.

वाचणारे शून्य.
दुसऱ्या दिवशी शेळी आली,
खालची ओळ चाटून गेली.
उधारीच्या वहीत मागच्या पानावर
मी आकडे मांडत होते:
शून्य, शून्य, एक (शेळी), शून्य.

मग सहावीतला तौफिक आतार
डबा खाली न ठेवताच म्हणाला,
'काकू, किंमत चुकलंय. पहिली वेलांटी.'
त्याला खडू दिला.
दुसऱ्या दिवशी तो वर्ग घेऊन आला, चुका शोधायला.
खरं सांगते, पुढं आठवडाभर
मी रोज एक चूक मुद्दाम पेरली.
आकडा अकरा.

सोसायटीतले तोडकर क्लार्क म्हणाले,
'बाई, लोकांना लागतं ते लिहा.'
लिहिलं: लाईट कधी जाणार, कारखान्याचा दर किती.
चौतीस जण वाचून गेले.
खाली माझी ओळ तशीच,
पंगतीत वाढपी विसरलेल्या पाव्हण्यासारखी.

आणि एक दिवस
हाताला काय झालं कुणास ठाऊक.
लिहिलं: पेठेतल्या एका घरात
चूल एक, कुलपं दोन.
नाव नाही, गाव नाही.
साठाच्या पुढं मोजायचं सोडलं.
नेवरीच्या गाड्या थांबल्या,
दळण नसलेली माणसं आली,
कुणी फोटो काढले.
मी पदराला पीठ पुसत दारात उभी,
नवीन नवरीसारखी.

रंजना माळवदे गव्हाचा डबा घेऊन आली.
फळा वाचला, सावकाश,
ओळीखाली बोट धरल्यासारखा.
पीठ गरम होतं.
निवू दे म्हटलं, तर गरमच डोक्यावर घेऊन गेली.
पुढच्या रविवारी तिचा डबा
मोमिनांच्या गिरणीला.

त्या दिवसाचा आकडा वहीत आहे,
खोडला नाही.
फळा मात्र ओल्या फडक्यानं तीनदा पुसला.
वाळला की अक्षरं पुन्हा पुसट दिसायची,
'कुलपं' जास्तच.

मग गर्दी पांगली. पांगणारच.
राहिले भिवा पवार,
उभा जन्म जात्याला टाकी लावण्यात गेलेले.
त्यांना वाचता येत नाही.
नात वाचते, ते मान हलवतात,
आणि पट्ट्याच्या आवाजावर ओरडतात,
'टाकी अशी मारत न्हाईत, लेकी!
दगड फुटंल!'
मग कशी मारतात ते विचारून लिहिलं,
खाली त्यांचं नाव घातलं.
भावकीतली चौदा माणसं येऊन
नुसतं नाव वाचून गेली.
भिवाआण्णा मात्र सगळं ऐकून म्हणाले,
'आत्ता बरोबर. उद्या काय?'

उद्या काय.
नवरा दुधाच्या टँकरवर, रात्रीचा.
मी जात्याच्या खोबणीसारखी
डोक्यात एक-एक ओळ टाकीत पडून राहायची.
वहीतले आकडे कधी थांबले
ते कळलं नाही. शेवटचा नऊ असावा.

श्रावणात तापानं चार दिवस अंथरूण धरलं.
पाचव्या दिवशी शटर उचललं
तर फळ्यावर कुणीतरी
विटकरीच्या तुकड्यानं लिहिलेलं, वेडंवाकडं:
'चालू हाय का?'

गिरणीबद्दल विचारलं असेल.
बहुतेक गिरणीबद्दलच.
किती वेळ उभी होते,
आत मोटार तशीच बंद.
मग खडू घेतला
आणि खाली लिहिलं: हाय.