गुंडाळताना

डेऱ्यातल्या मॉलमध्ये डिसेंबर नोव्हेंबरातच सुरू होतो.
सरकत्या जिन्याजवळ माझं टेबल,
कात्री, टेप, सात रंगांचे कागदाचे रोल
आणि छातीवर बिल्ला : विशी.
पूर्ण नाव सुपरवायझरच्या जिभेवर बसेना,
रिबिनीचं जास्तीचं टोक छाटावं तसं त्याने छाटलं.
विश्रांती उजागरे, तालुका राहुरी.
बारा तास उभी असते.

मोठ्या झाडाखालचे खोके रिकामे आहेत.
मला ठाऊक आहे, मीच बांधलेत,
एकशे चाळीस, आत नुसती हवा, तीही एसीची.
मुलं येतात, कानाशी धरून हलवून बघतात.
मी दुसरीकडे पाहते.

शारजातल्या खोलीत आम्ही सहाजणी.
मेणबत्तीला मनाई, छतावरचा लाल डोळा लगेच बोंबलतो.
म्हणून नाताळाआधीचे चार रविवार
मी मोबाईलचा टॉर्च लावते, वर काचेचा पेला उपडा.
वरच्या बंकवरून पुष्पमाया विचारते,
दिदी, चार्जिंग संपेल ना?
संपतं.
तरी लावते.

आमच्या मंडळीला यार्मूकच्या आवारात हॉल मिळतो दीड तास,
मल्याळींच्या नंतर, तमिळांच्या आधी.
पाळक घड्याळाकडे बघत आशीर्वाद देतात.
यंदा पंचवीस तारखेला माझी ड्यूटी.
आईला फोनवर सांगितलं, ती गप्प झाली,
मग म्हणाली, करंज्या करतेच आहे,
तुझ्या वाट्याच्या शेजारी देईन.

काल रात्री साडेनऊला
रांग पार अत्तराच्या दुकानापर्यंत.
एकीला सोनेरीच हवा, एकाला सोनेरी सोडून काहीही,
सुपरवायझर मागून टाळ्या वाजवत, यल्ला विशी, यल्ला,
आणि स्पीकरवर त्याच घंटा, सकाळपासून त्याच.
मनात प्रार्थना धरू म्हटलं तर सुरुवातच हाती येईना.
टेपचं टोक हरवतं ना, तसं,
नखाने चाचपडत रोल फिरवत राहायचा.

त्यात तो आला. निळी डांगरी, बाहीवर वाळलेलं सिमेंट.
पिशवीतून त्याने किटली काढली.
दुसऱ्याच कुठल्या दुकानातली. खोका नाही, बिल नाही.
अम्मासाठी, म्हणाला, सिल्हेटला पाठवायचीय.
नियमाप्रमाणे मी नाही म्हणायला हवं होतं.

किटली बांधणं सोपं नसतं.
तिला कोपरे नाहीत, घडी बसत नाही,
आणि नळीखाली हात धरावा लागतो
तान्ह्याच्या मानेखाली धरतात तसा.
हात तिथे गेला आणि मी थांबले.

त्या रात्रीही एका बाईने आधी हेच काम केलं होतं.
परक्या गावात, शिरगणतीच्या गर्दीत,
उतारशाळा भरलेली, दाराशी कुणीतरी घाईत,
आणि तिने हाताशी होतं ते कापड घेतलं
आणि गुंडाळलं.
देवदूत मेंढपाळांकडे गेले असतील, मेंढपाळ धावत आले असतील,
ते सगळं मागाहून.
आधी एक घडी. मग दुसरी. पाय आत.

मी कागद पुन्हा सरळ केला.
रांगेत कुणी चुकचुकलं.
टाळ्या ऐकू येत होत्या, पण लांबून,
शेतापलीकडे कुणी पाखरं हाकावीत तशा.
नळीभोवती कागद चुरगळू नये म्हणून
मी फुंकर घातली, का ते विचारू नका.

किती झाले, त्याने विचारलं.
पंधरा दिरहॅमची पाटी माझ्या डोक्यावर लटकत होती.
माझ्याच पाकिटातले गल्ल्यात टाकले, हिशेब चुकायला नको.
त्याने बिल्ला वाचला. विशी?
विश्रांती, मी म्हटलं.
बिस्रांती, तो म्हणाला, सावकाश, अख्खं,
आणि हसला, त्याच्या भाषेतही तो शब्द निघाला.

पुढे कोण आहे?
एका बाईने टेबलावर चौदा खोके ठेवले.
त्यातला पहिला मी जवळ ओढला.