बंबी

हळदीचं कांडं मोडलं
की आवाज सांगतो, वाळलीय का नुसती उन्हं दाखवलीत.
एकतीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात
पोत्याच्या पोटात बंबी खुपसून
तळाची हळद तळहातावर घेतोय मी.
तोंडाशी प्रत्येक पोतं चांगलंच असतं.

काल विश्रामबागच्या दुकानात
काचेच्या कपाटापुढं उभा राहिलो
तर पोतं नाही, बंबी नाही.
डबे. काळे, निळे, एक सोनेरी,
प्रत्येकावर मान नसलेला माणूस
दंड फुगवून माझ्याकडं बघतोय.

त्रिशला पंचावन्न किलोच्या गटात उचलते.
शिकलगार सर म्हणाले, भूपाल अण्णा,
पोरीच्या हाडात खोट नाही, पण पोटात काय जातंय?
अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही.
डाळ, दूध, मटकी, शेंगदाणे
सगळं मांडून झालं त्यांच्यापुढं.
व्हे घ्या, म्हणाले. चांगलं घ्या.
परवडेल असं घ्या.
दोन्ही वाक्यं एका दमात म्हणाले,
त्या दोघांचं आपसात पटत नसताना.

अकिवाट्यांच्या पोरानं
अकराशेचा डबा पुढं सरकवला.
सगळे हाच नेतात, काका.
म्हटलं, पुढचं चित्र राहू दे, पाठ दाखव.
पाठीवर मुंगीएवढी अक्षरं.
चष्मा वर केला, डबा नाकाशी धरला.
चाळीस ग्रॅमचा चमचा, त्यात प्रोटीन बारा.
उरलेले अठ्ठावीस कोण?
साखर, कसलीशी पिठं, चॉकलेटचा वास,
आणि एक नाव इतकं लांब
की ते सौद्यात पुकारताना अडत्याचा दम जाईल.

खिशातली हिशेबपट्टी उलटी केली.
अकराशेचा डबा: ग्रॅमला साडेतीनच्या वर.
निळा, बावीसशेचा, तीस ग्रॅमच्या चमच्यात चोवीस:
पावणेतीनच्या आसपास.
पुन्हा केला हिशेब. तेच आलं.
स्वस्त डबा महाग निघाला
आणि पोरगा माझ्या पेन्सिलीकडं बघत राहिला.
सोनेरी? त्याची पाठ निळ्यासारखीच.
जास्तीचे पैसे सोन्याचे.

तरी आतलं कोण बघणार?
सील ओढून बघितलं, बॅच नंबर लिहून घेतला
राजापुरीच्या लॉट नंबरांखाली.
तपासणीचा कागद आहे का, विचारलं.
पोरानं मोबाईलवर काढून दिला.
कागद मी यार्डात पुष्कळ बघितलेत.
पण बंबी लागणार नसेल
तर माणूस कागदालाच तळ मानतो.

घरी पद्मलनं आधी हिरवा ठिपका शोधला.
मग म्हणाली, हे व्हे म्हणजे नक्की काय हो?
सांगितलं, जे सरांनी सांगितलं ते:
दूध फाटलं की वर जे पाणी उरतं ते, सुकवून.
ती खुंटीकडं बघत राहिली.
खुंटीला चक्क्याचं फडकं टांगलेलं,
खाली पातेल्यात निवळी ठिबकतेय,
हिरवट, आंबूस.
बावीस वर्षं कढीपत्त्याच्या बुडात ओतलीय मी ही,
ती म्हणाली.
आपला कढीपत्ता ऑलिम्पिकला जायला हवा होता.

हसलो. पण त्या दिवसापासून
कणीक निवळीतच भिजते
आणि कढीपत्ता जरा रागावल्यासारखा दिसतो.

आज पहाटे साडेपाचला
त्रिशलानं बाटलीत चमचा टाकला, हलवली.
आतली तारेची गोळी खडखडली.
तिच्या बोटांना खडूची पावडर लागलेली, कालच्या सरावाची,
नखांच्या कडांत अजून पांढरी.
एका दमात पिऊन तिनं तोंड पुसलं.
कसं लागतं?
खडूसारखं.

बरं झालं, म्हटलं, साखर नाही.
ती सायकल काढून गेली.
फाटक वाजलं, आणि मग माझ्या मनात आलं,
खडूसारखं.
यार्डात हा शब्द कुणी काढला
तर आम्ही पोतं उलटं करतो.

डबा उघडला. बोट बुडवलं.
तळहातावर घासलं, जिभेला लावलं,
कानाशीसुद्धा धरलं एकदा, सवयीनं.
पांढरं. मऊ.
काहीही बोललं नाही.