तीस इंच

लक्ष्मीपुरीतल्या दुकानात पोरगं म्हणालं,
"युकुलेले दाखवू काय मॅडम?"
तेव्हा माझा डावा पंजा चौतीस इंची बेसच्या
पहिल्या पडद्यावर ताणून अडकलेला,
करंगळी वाळत घातल्यासारखी.
नको म्हटलं. मला खालचंच पायजे.

कानाच्या डॉक्टरनं रेघ काढून दाखवलीय :
डावीकडं सपाट, उजवीकडं घाटासारखी,
पायरी पायरीनं पाण्यात गेलेली.
उद्यमनगरात एकवीस वर्षं
ओतीव मालावर हातोडी मारून ऐकायचं काम.
शाबूत नग खणकन बोलतो,
चीर असली की बद्द.
खणकन आता पहिल्यासारखं येत नाही,
म्हणून तळहात टेकवून ठेवते.
बद्द मात्र चोख ऐकू येतं.

बाबालाल जमादारांचं घर खासबागेच्या मागं.
तीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस.
आता बोटांना मुंग्या.
"तीस इंची हाय," पलंगाखालून ओढत म्हणाले,
"जपानी. लोक हसायचे, पोराची हाय का म्हणून.
हसून झालं की नाचायचे."

अंगठ्याच्या जागी रंग जाऊन लाकूड उघडं.
पाठीवर बकलाचे ओरखडे.
शिंगावर कुठल्याशा मंडळाचा स्टिकर,
नाव खरवडलेलं, साल तेवढं शिल्लक.

मी पर्समधून स्टीलची पट्टी काढली.
दांडी डोळ्याला लावली, उजेडाकडं तोंड करून,
शाफ्ट बघतात तशी.
पट्टीखाली नख शिरेल एवढी फट. चालतंय.
चारातली एक खुंटी ढिली.
वायर खुपसली तर खरखर.
"फुंकर मारा," बाबालाल म्हणाले, "गप बसतंय."

पंजा ठेवला.
पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत
चारही बोटं पोचली, आणि कुणीच तक्रार केली नाही.
यावर मी चेहरा हलू दिला नाही.
भाव व्हायचा होता.

मग एकेका पडद्यावर एकेक सूर,
लाकूड पोटाला टेकवून.
बारक्या तारेवर, सातव्याला, थांबले.
वाजला आणि जागीच बसला.
परत.
बद्द.
हात आपोआप खिशाकडं गेला, लाल खडूकडं.

"सापडलं व्हय?" बाबालाल हसले.
"दुरुस्तीवाल्याला बी सापडलं न्हवतं.
मी ते घर सोडूनच वाजवलं कायम."
बोट घसरवत दाखवलं :
शेजारची तार, बारावं घर, तोच सूर,
जरा लांबचा रस्ता.

"नऊ हजार."
"आठ."
"एका सुराचं हजार?"
"आमच्याकडं असा नग भंगारात जातो."
ते बराच वेळ खुंट्यांकडं बघत बसले.
"आठ. पण कव्हर मिळायचं न्हाई.
आणि तारा एवढ्यात बदलू नका,
मुरल्यात."

बायकोनं जुनी चादर दिली.
गाठ त्यांनी मारली नाही, मला मारू दिली.
स्कूटीवर पायाशी आडवी बसली,
फार बाहेर न येता,
तरी मिरजकर तिकटीला एका रिक्षावाल्यानं विचारलंच,
"बाई, वल्हं घेतलंय काय?"

अँप घेण्याइतके पैसे उरले नव्हते.
तेही बाबालालांनीच सांगितलेलं :
डोकं कपाटाला टेकवायचं.
टेकवलं. जाड तार ओढली.
लोखंडी कपाट घुमलं,
आतले हँगर एकमेकांना लागले.
आधी तळहातात आलं,
मग दाढेत,
मग कानात.

शेजारच्या शकूवहिनी दारात :
"कासारबाई, फ्रिज बिघडला काय वो?"

त्या गेल्यावर सातव्या घरावर परत बोट ठेवलं.
बद्द.
खडू खिशातच होता.
दांडीच्या वरच्या कडेला बारीक ठिपका दिला,
वाजवणाऱ्याला दिसेल
आणि समोरच्याला नाही, असा.