पावतीपुस्तक

गेल्या वर्षी पहिला जळका पंखा आला
तो गुढी उतरवल्यावर.
यंदा होळीच्या गोवऱ्या रचायच्या आत
दुकानात सात.

खणभागातलं आमचं दुकान. शटरवर
पुराची तपकिरी रेघ, माझ्या हनुवटीइतकी.
गिऱ्हाईक त्या रेघेला पाठ टेकून उभं राहतं
आणि म्हणतं, काय उकडतंय ओ.
नदी आयर्विनच्या कमानीखाली
कुणीतरी विसरून गेलेल्या ओल्या टॉवेलाएवढी.

मी तार गुंडाळते.
केसाएवढं तांबं, बोटाला कापतं.
तीनशे अकरा, तीनशे बारा,
"वहिनी, झाला का आमचा?"
पुन्हा एकपासून.
घाम तारेवर पडू द्यायचा नाही,
म्हणून मनगटाला जुन्या बनियनची चिंधी.

प्रत्येक पंख्याला दोऱ्यानं चिठ्ठी:
मगदूम मास्तर, वरचा मजला, पत्रा.
हळदीच्या वखारीतला, नाव नाही, पाती पिवळी.
नदाफ भाभी, घरात बाळंतीण, लवकर.
जळक्या वाइंडिंगचा वास एकदा नाकात बसला
की आमटीलाही तोच.

शीतल म्हणतो, धंदा तर जोरात आहे की.
आहे.
रात्री गल्ला मोजताना
नोटाही कोमट लागतात.

मंगळवारी सासऱ्यांनी माळ्यावरची
जुनी पावतीपुस्तकं काढली,
उंदरांनी कोपरे खाल्लेली.
पन्नासावी पावती कोणत्या साली कधी फाटली, ते बघत बसले.
एकदा मेअखेर. एकदा अखितीला.
एका साली तर फाटलीच नाही,
तेव्हा लोक अंगणात झोपायचे, म्हणाले,
अंगणं होती.
यंदा एकोणीस मार्च.
त्यांनी चष्मा पुसला, परत वाचलं.
"माझंच कायतरी चुकत असंल."
मी बघितलं. चुकत नव्हतं.

भाभींचा पंखा तीन दिवस तरी होणार नव्हता,
म्हणून दुकानातला काढून दिला.
त्यांचा झाला, मग म्हणाल्या, तो पुढच्या खोलीला राहू दे की जरा.
आता छताला नुसता हुक.
गिऱ्हाइकं वर बघतात, हसतात,
पंख्याच्या दुकानात पंखा नाही.
मी म्हणते, बरंय, तार हलत नाही.
हे अर्धं खरं आहे.

काल रात्री दोनला लाईट गेली.
गल्लीतले पंखे एकेक करून थकत गेले.
आवाजावरून ओळखते मी:
मास्तरांचा किरकिरत, घाईनं.
कोपऱ्यावरच्या मेसचा टक्, टक् करत.
आमचा, भाभींच्या पुढच्या खोलीतला,
सगळ्यात शेवटी.
बेअरिंग मीच बसवलेलं.

मग बाळ रडलं.
मग खिडक्या-खिडक्यांतून
पुठ्ठे हलू लागले, वह्या, सुपं, पदर.
मी उशाशी चाचपडलं,
हाताला पावतीपुस्तक लागलं.
उद्या नवं काढायचं होतं.
त्याच्यानंच वारा घेत बसले.