काडेपेटी

उजळाईवाडीला, विमानतळाच्या दारात आठवलं:
पासपोर्ट तालमीच्या कपाटात.
काल रात्री झेंड्यांच्या घडीखाली मीच ठेवलेला,
हरवू नये म्हणून.

विजयमाला काही बोलली नाही.
बॅगेवर बसून राहिली.

कपाटाची चावी धैर्यशीलकडं,
तो शाहू स्टेडियमवर, ग्लोव्ह्ज चढवून.
"काका, आलाय तर टॉस तरी बघा की."
बघितला.
हरलो.

परतीच्या रिक्षात सिग्नल, म्हशी, वरात.
काउंटर बंद होता होता पोचलो.

सीटवर भाच्याचा फोन:
"मामा, पेनल्टी मिळाली, पेन—"
हवाईसुंदरीनं बंद करायला लावला.
कुणाला मिळाली, ते राहिलंच.

वळताना खाली स्टेडियम,
काडेपेटीएवढं.
एक बाजू हलली.
आपली?
का पंखाची सावली?

"सिंगापूरला कळंल," विजयमाला म्हणाली,
आणि पट्टा आवळला. माझा.